‘परत फिरूया’ म्हणालो आणि भित्रा ठरलो

पत्र बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. लिहिणारे पस्तिशीचे आहेत. कॉलेजपासूनचा सात जणांचा ग्रुप, तिघांकडे फोर बाय फोर गाड्या, ऑफ-रोडिंगची आवड सगळ्यांनाच. उन्हाळ्यात केलेला एक डोंगरातला ट्रेल गेल्या हिवाळ्यात बर्फात करायचं ठरलं. एकजण उशिरा आला म्हणून निघायलाच दुपार झाली. पायथ्याशी बर्फ घोट्याएवढा होता, वर धारेजवळ पोचेपर्यंत गाडीचा बंपर बर्फ ढकलायला लागला. यांनी वॉकी-टॉकीवर सांगितलं, परत फिरूया. पुढच्या गाडीत ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी मित्र होता, त्याला सगळे लीडरच म्हणतात, तो म्हणाला एवढी धार ओलांडली की पुढे सगळा उतारच आहे. बाकीचे गप्प. धारेपलीकडे आडव्या उतारावर तिसरी गाडी घसरून चरात गेली. ती ओढताना घाईत स्ट्रॅप (ओढायचा पट्टा) टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, अडकवला, त्यावरून यांचं आणि लीडरचं जोरात भांडण झालं. गाडी निघाली नाही, अंधार पडला, रात्र तिथेच गाड्यांमध्ये हीटर लावून काढली. सकाळी चरातल्या गाडीत झोपलेल्या दोघांचं डोकं प्रचंड दुखत होतं, एकाला उलटी झाली, बाकी पाच जण ठीक होते, ‘थकव्यामुळे झालं असणार’. पहाटे बर्फ कडक झाला होता, गाडी निघाली, दुपारपर्यंत सगळे घरी. ‘सगळे सुखरूप आलो ना’ म्हणत आता ग्रुपमध्ये ती ‘लाइफची बेस्ट ट्रिप’ झालीये आणि या हिवाळ्यात त्याहून लांबचा ट्रेल ठरतोय. यांनी नको म्हटल्यावर लीडर सगळ्यांसमोर म्हणाला, तू घाबरतोस आणि तुझ्यामुळे सगळ्यांचा मूड जातो. घरी बायकोला त्या रात्रीबद्दल अर्धंच सांगितलंय. त्यांचे प्रश्न: मी खरंच भित्रा आहे का? मैत्री टिकवायची तर जावंच लागेल का? की सरळ ग्रुप सोडू?

नमस्कार,

तुमचे तिन्ही प्रश्न घेते, पण त्याआधी पत्रातल्या ज्या वाक्यावरून तुम्ही भर्रकन पुढे गेलात तिथे मला थांबायचंय. ते डोकेदुखीचं. थकव्यामुळे असेलही, मी डॉक्टर नाही आणि तिथे नव्हते. पण गाडी चरात, मागची बाजू बर्फात रुतलेली, रात्रभर इंजिन चालू, काचा बंद, आणि सकाळी त्याच गाडीतल्या दोघांनाही सारखाच त्रास, बाकी कुणालाच काही नाही, हे एकत्र वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते कार्बन मोनॉक्साइडचं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धुराला बाहेर जायला वाटच राहत नाही, तो गाडीखाली साठतो आणि फटींमधून, हीटरच्या हवेबरोबर आत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो अडवून बसतो, आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, गुंगी येते, आणि दिवसभराच्या धावपळीने दमलेल्या माणसाला ती गुंगी साधी झोपच वाटते. त्या झोपेतून माणसं उठत नाहीत. आणि जी उठतात त्यांना मोकळ्या हवेत आल्यावर हळूहळू बरं वाटायला लागतं, त्यामुळे नंतर कुणी त्याचा विचारही करत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये आज जी बेस्ट ट्रिप म्हणून सांगितली जातेय त्यात ही गोष्ट कुणाच्या लक्षात तरी आलीये का, मला शंका आहे.

त्या दोघांना आजच फोन करा आणि हे सांगा. घाबरवायला नाही, पण तेही पुढच्या ट्रिपला जाणार असतील तर त्यांना माहीत असायलाच हवं. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, गाडीत रात्र काढायची वेळ आली तर पहिलं काम म्हणजे फावड्याने सायलेन्सरच्या भोवतीचा आणि गाडीखालचा बर्फ मोकळा करायचा. इंजिन सलग चालू ठेवायचं नाही, तासातून साधारण दहा मिनिटं पुरतं, आणि दर वेळी सुरू करायच्या आधी उतरून पाइप बघायचा कारण बर्फ पडत असेल तर तासाभरात तो परत बुजलेला असू शकतो. वारा ज्या बाजूने येतोय त्याच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. इंजिन चालू असताना एक माणूस जागा हवाच, सगळ्यांनी झोपायचं नाही. बॅटरीवर चालणारा छोटा कार्बन मोनॉक्साइड अलार्म मिळतो तो प्रत्येक गाडीत एक ठेवा. आणि एकाच गाडीत एकाहून जास्त लोकांचं डोकं दुखायला लागलं तर कारण शोधत बसू नका, आधी इंजिन बंद करून सगळे बाहेर मोकळ्या हवेत या, आणि डॉक्टरपर्यंत लवकरात लवकर पोचायचं बघा, भले बरं वाटत असलं तरी.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही विचारताय मी भित्रा आहे का, आणि मला वाटतं हा प्रश्नच तुम्ही लीडरकडून जसाच्या तसा उचललाय. त्याने शब्द दिला आणि तुम्ही तो अंगाला लावून बघताय की बसतोय का. जरा बाजूला ठेवू तो. त्या दुपारी तुम्हाला नक्की काय दिसलं होतं? निघायला उशीर झालाय आणि हिवाळ्यात अंधार लवकर पडतो हे दिसलं होतं. बंपर बर्फ ढकलतोय हे दिसलं होतं. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे कारण बर्फ गाडीच्या पोटाला लागायला लागला की गाडी हळूहळू खालच्या दाबल्या गेलेल्या बर्फावर टेकते, चाकांवरचं वजन कमी होतं, आणि मग चाकं नुसती फिरतात, फोर बाय फोर असो की लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी सोय) लावलेले असोत. म्हणजे तुम्ही परिस्थिती वाचली होती आणि बरोबर वाचली होती. भीती वाटली असेल तर तीही वाटायलाच हवी अशा ठिकाणी वाटली, त्यात लाज वाटण्यासारखं काही मला दिसत नाही.

पण एक विचारते, रागावू नका. रेडिओवर तुम्ही नुसतं ‘परत फिरूया’ म्हणालात की कारण सांगितलंत? कारण पत्रात तेवढंच वाक्य आहे. पुढच्या गाडीतल्या माणसाला नुसतं परत फिरूया ऐकू आलं तर त्याला ते मत वाटतं, आणि मताला मताने उत्तर देता येतं. तेच जर तुम्ही म्हणाला असतात की माझा बंपर बर्फ ढकलतोय, अंधार पडायला दोन-अडीच तास आहेत, धारेपलीकडून परत हाच चढ चढता येईल का ते आधी सांग, तर त्याला त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं आणि बाकी सगळ्यांनी ते ऐकलं असतं. चूक तुमची होती असं मी म्हणत नाहीये. पण तुम्ही बोललात आणि मग त्याच्या मागे गाडी घातलीत, हेही खरंच आहे ना. त्या दिवशी धार सातही जणांनी ओलांडली. सगळा दोष लीडरवर टाकून तुम्ही मोकळे झालात तर पुढच्या वेळी पुन्हा असंच होईल, तुम्ही एकदा बोलाल, तो नाही म्हणेल, आणि तुम्ही मनातल्या मनात धुमसत मागे मागे जाल.

आणि ते चार-पाच जण जे गप्प होते? तुम्ही धरून चाललात की ते लीडरच्या बाजूचे होते. मला तसं अजिबात वाटत नाही. वॉकी-टॉकीवर शांतता म्हणजे होकार नसतो, बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की दुसऱ्या कुणीतरी बोलावं. तुमच्यासारखंच वाटणारे त्यात किमान एक-दोघं असणार, आणि त्यांनी तुमचं वाक्य आणि त्याला मिळालेलं उत्तर ऐकून आपलं तोंड बंद ठेवलं असणार. एकेकट्याला गाठून विचारा, ग्रुपवर नको, की तेव्हा तुला मनातून काय वाटत होतं. विशेषतः तिसरी गाडी चालवणाऱ्याला. सगळ्यात मागची गाडी पुढच्या दोन गाड्यांनी घासून गुळगुळीत केलेल्या चाकोरीतून येते, आडव्या उतारावर तिलाच सगळ्यात वाईट जमीन मिळते, आणि ‘पुढचे गेले म्हणजे मीही जाईन’ या भरवशावर तो आलेला असतो.

आता ‘सगळे सुखरूप आलो ना’ या वाक्याबद्दल. माझ्या मते तुमच्या ग्रुपचा सगळा गोंधळ या एका वाक्यात आहे. तुम्ही सुखरूप आलात ते कशामुळे आलात ते बघा. तुम्हीच लिहिलंय की पहाटे बर्फ कडक झाला होता म्हणून गाडी निघाली. म्हणजे रात्र बहुधा निरभ्र होती, बर्फाच्या वरच्या थरातली ऊब वर निघून गेली, दिवसा उन्हाने ओला झालेला वरचा थर गोठला आणि चाकांना पकड मिळाली. रात्री आभाळ भरून राहिलं असतं तर तो थर तसा गोठला नसता, अजून हातभर बर्फ पडला असता तर तो प्रश्नच नव्हता. यात तुमच्या लीडरच्या निर्णयाचा कुठेच हात नाही, आकाशाचा आहे. निर्णय चांगला की वाईट हे तो घेताना हातात काय माहिती होती त्यावरून ठरवायचं, शेवट काय झाला त्यावरून ठरवलं तर नशिबाने वाचलेला प्रत्येक माणूस हुशार ठरतो आणि पुढच्या वेळी तेच जरा जास्त करतो. तुमचा नवीन ट्रेल आधीच्यापेक्षा लांबचा आहे हे वाचून मला तेच दिसलं.

इयन मॅककॅमन नावाच्या एका अभ्यासकाने अमेरिकेतल्या १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ हिमस्खलन अपघातांची माहिती तपासली होती, मौजेसाठी डोंगरात गेलेल्या लोकांचे अपघात. त्यातल्या बऱ्याच लोकांना धोका ओळखायचं शिक्षण मिळालेलं होतं, धोक्याच्या खुणा डोळ्यांसमोर होत्या, तरी ते पुढे गेले. का गेले याची त्याने जी कारणं मांडली ती वाचताना तुमचं पत्रच वाचतेय असं वाटतं. जागा ओळखीची होती. इथवर आलोच आहोत तर पूर्ण करू असं वाटलं. ग्रुपमधल्या एकाला सगळ्यांनी जाणकार मानलं होतं. इतरांच्या नजरेत आपण उतरू नये असं वाटलं. डोंगरात स्की वगैरेसाठी गेलेल्यांचे अपघात वेगळे, गाड्यांचे वेगळे, मान्य आहे, पण माणसाचं डोकं दोन्हीकडे तेच असतं. आणि गाडीने जाणाऱ्यांनाही हिमस्खलन चुकलेलं नाही, साधारण ३० ते ४५ अंशांच्या उताराखालून रस्ता जात असेल तर तिथल्या हिमस्खलनाचा इशारा बघितल्याशिवाय निघूच नका.

‘उन्हाळ्यात केलाय’ याचा बर्फात फार थोडा उपयोग होतो. वळणं माहीत असतात, एवढंच. दगड कुठे, चर कुठे, रस्त्याची कड कुठे संपते, सगळं झाकलेलं असतं. आणि ‘पुढे सगळा उतारच आहे’ हे वाक्य तर मी ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो. उतार म्हणजे सोपं हे उन्हाळ्याचं गणित आहे. बर्फात उतरलेला उतार परत चढता येईलच असं नसतं, म्हणजे उतरलात की मागचा दरवाजा बंद झाला आणि पुढे काय आहे ते बघितलेलं नाही. शिवाय फोर बाय फोर गाडी चालायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक लावल्यावर सगळ्याच गाड्यांना चार टायरच असतात. म्हणून उतरताना लो रेंजमध्ये (फोर बाय फोरमधली कमी वेगाची, जास्त जोराची गिअरची सोय), पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, इंजिनच्या ब्रेकिंगवर उतरायचं असतं आणि पाय ब्रेकवर जवळजवळ न्यायचाच नाही. आडवा उतार दिसला की उतरून चालत जाऊन बघायचं. चालताना स्वतःचा पाय घसरत असेल तर गाडी जाणार नाही, यावर वाद घालत बसायची गरज नाही.

लीडरबद्दल थोडं. तुम्हाला तो आत्ता आडमुठा वाटतोय, साहजिक आहे, सगळ्यांसमोर बोलला तो. पण विचार करा, त्या रात्री सहा जणांची जबाबदारी त्याच्या डोक्यावर होती, ती त्याच्यावर कुणी रीतसर टाकली नव्हती आणि त्याने घेतोही म्हटलं नव्हतं, नुसती अनुभवामुळे येऊन बसली होती. झोप लागली असेल का त्याला? मला वाटतं ‘बेस्ट ट्रिप’ हे त्याचं त्या रात्रीवरचं औषध आहे. ती बेस्ट ट्रिप नसेल तर मग ती काय होती हे त्याला स्वतःशी कबूल करावं लागेल. आणि तुम्ही प्रत्येक वेळी नको म्हणालात की त्याला तेच आठवतं. हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाहीये, तो तुम्हाला जे बोलला ते चुकीचंच होतं आणि तसं त्याला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पण ग्रुपवर नाही, फोनवर नाही, समोरासमोर, दोघंच. म्हणा की त्या दिवशीचं भांडण मला अजून टोचतंय, तुला हरवायचं नाहीये, पण मला त्या रात्री खूप भीती वाटली होती आणि तुलाही वाटली होती का ते मला जाणून घ्यायचंय. मग गप्प बसा. पहिलं उत्तर चेष्टेचं आलं तरी लगेच उठू नका.

जावं की नाही याचं माझं उत्तर असं आहे की गेल्या वेळसारखंच जाणार असाल तर जाऊ नका, कुठलीही मैत्री त्यासाठी पणाला लावावी लागत असेल तरीही. पण ग्रुप सोडायची घाईही करू नका, कारण कॉलेजपासूनची माणसं आहेत आणि गोष्ट अजून नीट बोललीच गेलेली नाही. मधला रस्ता आहे तो घरी, उबदार खोलीत बसून, कुणी दमलेलं नसताना आधीच ठरवायचा. थंडीत, भुकेल्या पोटी, अंधार पडत असताना माणूस नीट ठरवू शकत नाही, तेव्हा फक्त आधी ठरवलेलं पाळता येतं.

मी असते तर पहिली अट हीच घातली असती की सातांपैकी कुणीही एकाने थांबा म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही आणि नंतर वर्षभर त्यावरून चिडवायचंही नाही. लोक म्हणतात मग कुठेच पोचणार नाही. असं होत नाही. उलट हा नियम असला की माणसं उगाच बोलत नाहीत आणि बोलायचं तेव्हा गप्पही राहत नाहीत. दुसरं, परत फिरायची वेळ घड्याळावर ठरवायची, कुठवर पोचलो त्यावर नाही. सूर्यास्ताला ट्रेलच्या बाहेर असायचं तर तिथून उलट मोजा आणि बर्फात उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ धरा. त्या दिवशी एकजण उशिरा आला तेव्हाच खरं तर ट्रेल छोटा करायला हवा होता, निर्णय धारेवर नाही, पार्किंगमध्येच चुकला होता. तिसरं, बंपर किंवा पोट बर्फ ढकलायला लागलं की पुढे नाही. चौथं इंधन. मऊ बर्फात लो रेंजमध्ये गाडी भरपूर पिते आणि अडकलात तर हीटरसाठीही तेच लागतं, म्हणून टाकी अर्ध्यावर यायच्या आत परतीला लागायचं. डिझेल गाड्या असतील तर थंडीचं डिझेल भरलेलं हवं, साध्या डिझेलमध्ये कडाक्याच्या थंडीत मेणासारखे कण धरतात आणि फिल्टर चोंदतो, मग उत्तम इंजिनही चालत नाही.

आता त्या टो-बॉलबद्दल, कारण इथे तुम्ही भांडलात ते बरं केलंत. ट्रेलर जोडायचा तो लोखंडी गोळा सरळ, सावकाश ओढायसाठी असतो, झटक्यासाठी नाही. रुतलेली गाडी ओढताना झटका बसला की तो बुडातून तुटू शकतो आणि ताणलेल्या स्ट्रॅपच्या जोरावर तोफेच्या गोळ्यासारखा उडतो, काच फोडून आत शिरतो. असे मृत्यू झालेले आहेत. स्ट्रॅप किंवा रोप फक्त गाडीच्या चॅसीला बसवलेल्या, रिकव्हरीसाठीच दिलेल्या हुकाला किंवा पॉइंटला लावायचा. हुक कुठे आहे ते घरी, उजेडात, हात घालून बघून ठेवा, बर्फात पालथं पडून शोधायची वेळ आणू नका. ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक रोप झटका हळू देतो, विंचच्या (गाडीवरच्या ओढायच्या चरखीच्या) वायरचं काम वेगळं, साध्या टोइंग स्ट्रॅपचं वेगळं, एकाच्या जागी दुसरं वापरायचं नाही. रोपवर मध्यावर जाड जॅकेट किंवा ब्लँकेट टाका म्हणजे तुटला तर खाली पडेल. आणि बघे लोक, फोटो काढणारे, सगळे रोपच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, रोपच्या रेषेत तर कुणीच नाही.

पण ओढायच्या आधी खणा. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. रुतलेली गाडी दिसली की सगळ्यांचे हात पहिले स्ट्रॅपकडे जातात. तसं न करता वीस मिनिटं दोघांनी फावड्याने चारही चाकांच्या पुढचा-मागचा बर्फ आणि पोटाखालचा बर्फ काढला, टायरची हवा अजून उतरवली, आणि गाडी जशी आत आली त्याच वाटेने मागे ओढली तर बऱ्याचदा अलगद निघते. तुमची संध्याकाळी निघाली नाही त्याचं कारणही पोटाखाली अडकलेला बर्फ असू शकतं, पत्रात खणल्याचा उल्लेख नाही.

हवेचं सांगायचं तर रस्त्यावर टायरमध्ये ३२-३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असेल तर मऊ बर्फासाठी १५ ते १८ वर आणतात. त्यामुळे टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो, गाडी बर्फात कापत जाण्याऐवजी वर राहते. त्याहूनही खाली नेतात लोक, पण मग टायर रिमवरून निसटायचा धोका, विशेषतः आडव्या उतारावर आणि जोरात वळवताना, सवय नसेल तर नको. थंडीने हवा आपोआपही उतरते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय, म्हणून गॅरेजमधल्या उबेत मोजलेल्या आकड्यावर जाऊ नका, तिथे पोचून थंड टायर मोजा. आणि परत भरायला कॉम्प्रेसर प्रत्येक गाडीत हवा, तीन गाड्यांत मिळून एक नाही, कारण तो ज्या गाडीत असतो तीच नेमकी चरात जाते. चेन्स, म्हणजे टायरवर चढवायच्या साखळ्या, असतील तर ट्रेलच्या सुरुवातीलाच चढवा, अडकल्यावर बर्फात हात घालून नाही.

बाकी लहानसहान. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, ओला झालेला असेल तर गोठून बसतो, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, म्हणून जुनी बॅटरी घेऊन जायचंच नाही. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. सुती मोजे आणि सुती गंजी ओले झाले की अंगातली ऊब ओढून घेतात, लोकर किंवा सिंथेटिक घाला आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड राखून ठेवा. एखादा थरथरायचा थांबला, बोलणं अडखळायला लागलं, साधं बटण लावता येईना, तर तो ‘बरा झाला’ असं समजू नका, अंगातलं तापमान घसरतंय, त्याला लगेच कोरडे कपडे आणि दुसऱ्याच्या अंगाची ऊब द्या. आणि थंडी वाजतेय म्हणून दारू कुणालाच नाही, तिने फक्त गरम वाटतं, प्रत्यक्षात कातडीकडे रक्त येऊन शरीर अजून थंड पडतं.

घरच्या गोष्टीत मी फार बोलणार नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण बायकोला अर्धं सांगितल्यामुळे एक व्यवहाराची अडचण होते ती सांगते. अशा ट्रिपला घरी एक माणूस असा हवा ज्याला पूर्ण रूट, गाड्यांचे नंबर, कोण कोण आहे आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची हे लिहून दिलेलं असतं. गेल्या वेळी रात्रभर तुमचा पत्ता नव्हता तेव्हा तिने काय करायला हवं होतं, हे तिला माहीत होतं का? नसेल तर ती रात्रभर काय करत होती, हे एकदा तिला विचारा आणि मग उरलेलं अर्धं सांगा. ती चिडेल. चिडू दे.

या सगळ्या अटी तुम्ही लीडरसमोर ठेवल्यात आणि त्याने मान्य केल्या, तर आधी एक छोटी ट्रिप करा, अर्ध्या दिवसाची, रस्त्यापासून जवळची, तिथे मुद्दाम एक गाडी रुतवून सगळ्यांनी मिळून ती काढायचा सराव करा, आणि कुणाला तरी मुद्दाम थांबा म्हणायला लावा. नियम खरंच पाळला जातोय का ते तिथेच कळेल. नाही पाळला गेला तर मोठ्या ट्रेलवर नक्कीच पाळला जाणार नाही.

आणि त्याने ऐकूनच घेतलं नाही, परत चेष्टा केली, तर जाऊ नका. एका ओळीत कळवा की या अटींशिवाय मी येत नाहीये, पुढच्या वेळी असतील तर सगळ्यात आधी माझी गाडी धरा. भाषण नको, त्या रात्रीची उजळणी नको. पण ते निघतील त्या दिवशी त्यांचा रूट आणि परतायची वेळ मागून घ्या, लीडर देत नसेल तर तिसऱ्या गाडीवाल्याकडून घ्या, त्या भागातल्या बचाव पथकाचा नंबर फोनमध्ये टाकून ठेवा, आणि ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट बघून तुम्ही तो फिरवणार आहात हे निघायच्या आधीच त्यांना स्पष्ट सांगून ठेवा.